‘काकू, तुमचा माझा करारच नाही’

पत्र : मी सिंहगड रोडला राहते. आई (वय ७४) कोथरूडला एकटी असते. तिच्या स्वयंपाकघराचं काम माझ्या भावाने बंगळुरूहून एका फर्निचरवाल्याला दिलं. व्हॉट्सॲपवर ३ लाख ४० हजारांचं कोटेशन आलं. त्यावर भावाने लिहिलं, ‘ठीक आहे, पण ट्रॉल्या एसएस ३०४ च्या आणि सिंकखालचं कपाट मरीन प्लायचं.’ म्हणजे लवकर न गंजणारं स्टेनलेस स्टील आणि पाण्याला टिकणारा प्लाय. फर्निचरवाल्याने अंगठा पाठवला. भावाने त्याच दिवशी १ लाख यूपीआयने पाठवले आणि पुढे १ लाख २० हजार. मध्येच फर्निचरवाल्याचा मेसेज आला की मालाचे भाव वाढले, ४२ हजार जास्त लागतील. भावाने उत्तर दिलं नाही. चार महिन्यांत ट्रॉल्यांना गंज धरला आणि सिंकखालचा प्लाय फुगला. (तेव्हा त्याने आईला व्हॉइस मेसेज केला होता, ‘काकू, राहिलेल्यातले ८० हजार द्या, दिवाळीनंतर ट्रॉल्या आणि कपाट बदलून देतो.’ आईने चेक दिला.) दिवाळी होऊन गेली. आता तो म्हणतो, स्टॅम्पपेपर नाही म्हणजे करार नाही. आणि असलाच तर तो तुमच्या मुलाशी आहे, तुमच्याशी नाही. प्लायचं काय ते टिंबर मार्केटच्या दुकानदाराला विचारा. वर त्याचा सुतार आईला जिन्यात गाठून म्हणतो की माझे २८ हजार राहिलेत, घर तुमचं आहे, तुम्ही द्या. आई म्हणाली, ‘बघू रे, देऊ काहीतरी.’ आई खरंच यात कोणीच नाही का?

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे. तिच्याकडे येतोच, पण आधी स्टॅम्पपेपरचं भूत उतरवू.

आपला करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १० मध्ये वैध कराराला काय लागतं ते दिलंय: सज्ञान आणि शुद्धीवर असलेली माणसं, त्यांची मोकळी संमती, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू. स्टॅम्पपेपर त्या यादीत नाही. तोंडी करारही करारच. काही व्यवहारांना लेखी लागतं, ते त्या त्या कायद्याने. फ्लॅटच्या विक्रीला नोंदणीकृत खरेदीखत लागतं. लिव्ह अँड लायसन्स महाराष्ट्रात लेखी आणि नोंदवलेलंच असावं लागतं, मग ते अकरा महिन्यांचं का असेना. (‘अकरा महिन्यांचं असलं की नोंदणी नको’ ही समजूत पुण्यात निम्म्या सोसायट्यांत अजून जिवंत आहे.) मुदत टळून गेलेलं कर्ज फेडण्याचं वचन लेखी लागतं. स्वयंपाकघराच्या फर्निचरला यातलं काहीच लागू नाही. कराराचा कागद केला तर मात्र त्यावर मुद्रांक हवा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात साध्या करारांसाठी तो किमान ५०० रुपयांचा झाला. तो नसला तर कागद कोर्टात पुरावा म्हणून अडतो, राहिलेलं शुल्क आणि दंड भरून सुटतो. करार त्यामुळे मरत नाही. व्हॉट्सॲपवर झालेला करार केवळ तिथे झाला म्हणून नाकारता येत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०क मध्ये स्पष्ट लिहिलंय.

खरा प्रश्न असा की करार झाला तो कोणत्या अटींवर. फर्निचरवाला उद्या म्हणेल, ‘माझ्या कोटेशनमध्ये ३०४ कुठे लिहिलं होतं?’ नव्हतंच लिहिलं. पण कोटेशन हा त्याचा प्रस्ताव होता, आणि कलम ७ सांगतं की स्वीकार जशाच्या तसा हवा. ‘ठीक आहे, पण’ म्हटलं की तो स्वीकार राहत नाही, उलटा प्रस्ताव होतो. तुमच्या भावाच्या ‘पण’ने फर्निचरवाल्याचं कोटेशन बाजूला पडलं आणि टेबलावर भावाचा प्रस्ताव आला. त्याला अंगठा आला. पाठोपाठ पैसे स्वीकारले गेले, काम सुरू झालं. कलम ८ प्रमाणे प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला घेणं हाही स्वीकारच. त्यामुळे ३०४ आणि मरीन प्लाय या अटी करारात आहेत, आणि त्या त्याच्या नव्हे तर भावाच्या शब्दांत आहेत.

नुसत्या अंगठ्यावर मात्र फार विसंबू नका. कॅनडातल्या सॅस्कॅचेवान प्रांतात जवसाच्या एका सौद्यात अंगठ्याचं चिन्ह म्हणजेच मान्यता, असा निकाल २०२३ मध्ये लागला. तो आपल्याकडे बंधनकारक नाही, आणि आपल्याकडे अंगठा ‘वाचलं’ या अर्थानेही पाठवतात. तुमची बाजू भक्कम आहे ती यूपीआयच्या पैशांमुळे. मेसेज कधी गेला, अंगठा कधी आला, १ लाख कधी गेले, या तीन वेळा एका कागदावर ओळीने लिहून काढा.

४२ हजारांची काळजी सोडा. चालू कराराची किंमत एकट्याने वाढवता येत नाही, दोघांची संमती लागते आणि गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे. फक्त भावाने यापुढे त्या मेसेजखाली ‘बघतो’, ‘करू काहीतरी’ असलं काही लिहू नये. उरलेल्या ४० हजारांपैकी काही पाठवायचंच झालं तर ‘मूळ ३ लाख ४० हजारांपैकी’ हे शब्द सोबत जाऊ देत.

आता आईकडे वळू. फर्निचरवाला जे म्हणतो त्यात कायद्याचा एक खरा धागा आहे, तो नाकारून चालणार नाही. जो कराराचा पक्षकार नाही त्याला त्या कराराच्या जोरावर दावा करता येत नाही, मग तो करार त्याच्याच भल्यासाठी का केलेला असेना. इंग्लंडमधलं हे तत्त्व आपल्याकडेही चालतं आणि १९६९ मध्ये एम. सी. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. इंटरनेटवर शोधलंत तर ‘त्रयस्थालाही थेट हक्क आहे’ असं ठामपणे सांगणारं बरंच काही सापडेल. ते बहुधा इंग्लंडच्या १९९९ च्या कायद्याबद्दल असतं. भारतात तसा कायदा नाही.

आपल्याकडे वेगळी आहे ती एक गोष्ट, आणि तिच्यामुळेच लोकांची गल्लत होते. मोबदला पक्षकारानेच द्यायला हवा असं आपला कायदा म्हणत नाही. कलम २(घ) मध्ये ‘वचन घेणारा किंवा दुसरी कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. मद्रासच्या चिन्नया विरुद्ध रामय्या या १८८२ च्या खटल्यात एका वृद्ध बाईने जमीन मुलीला बक्षीस दिली आणि मुलीने आईच्या भावंडाला दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचं लिहून दिलं. पुढे मुलगी म्हणाली, मला यांच्याकडून काहीच मिळालं नाही. कोर्ट म्हणालं, आईकडून मिळालं ना, तेवढं पुरे. पण त्या मुलीने वचन थेट त्या भावंडालाच दिलं होतं, हे विसरू नका. दुसऱ्याने पैसे दिले तरी चालतं, पण वचन मात्र तुम्हाला दिलेलं हवं.

आणि म्हणून तो कंस. ‘काकू, ८० हजार द्या, ट्रॉल्या आणि कपाट बदलून देतो.’ हे वचन भावाला दिलेलं नाही, आईला दिलंय. आईने चेक दिला तो त्या वचनावर. प्रस्ताव आहे, स्वीकार आहे, मोबदला आहे, रक्कम आहे, ‘दिवाळीनंतर’ ही मुदतही आहे. म्हणजे भावाच्या कराराशेजारी आईचा स्वतःचा, छोटा पण पुरा करार उभा आहे, आणि त्यात आई त्रयस्थ नाही.

तो यावर काय म्हणेल तेही ठरलेलं आहे: ‘ते ८० हजार तर मला येणंच होतं, त्यात नवा मोबदला कसला?’ येणं होतं ते भावाकडून. आईवर एक पैसाही देण्याचं बंधन नव्हतं. जे देणं तिचं नव्हतं ते तिने त्याच्या सांगण्यावरून दिलं, हाच तिचा मोबदला. हा युक्तिवाद टिकण्यासारखा आहे. पण तो सगळा तारखांवर उभा आहे. व्हॉइस मेसेज आधी आणि चेक नंतर, हा क्रम दिसलाच पाहिजे. चेकचं अर्धुक, बँकेच्या पासबुकातली नोंद आणि मेसेजची तारीख एकत्र ठेवा. चेक आधी गेला असेल आणि वचन नंतर आलं असेल तर ही बाजू बरीच लंगडी होते, मग मला दोष देऊ नका.

तो मेसेज आईच्याच फोनमध्ये राहू द्या. स्वतःला फॉरवर्ड करून मूळ पुसलं, किंवा नातवाने फोन ‘साफ’ करून दिला, की पुराव्याचा जीव गेला. त्या चॅटला मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू आहे का ते आजच पाहा. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. कोर्टात हे सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जुन्या कायद्यात ते ६५ब होतं.

तरीही दिवाणी दावा ही तुमची पहिली पायरी नसावी. त्याहून सोपी वाट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे, आणि तिथे फर्निचरवाल्याचं ‘करार तुमच्याशी नाही’ हे वाक्यच निकामी होतं. त्या कायद्याच्या कलम २(७) प्रमाणे ‘ग्राहक’ म्हणजे फक्त पैसे देऊन सेवा घेणारा नाही. त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच. भावाने काम दिलं, आई ते वापरते, दोघंही ग्राहक. तक्रार दोघांच्या नावाने करा. आई राहते त्या जिल्ह्यात ती करता येते, म्हणजे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. भावाला बंगळुरूहून उठून यावं लागणार नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते, वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. (दिवाणी दाव्याला तीन असतात, त्यामुळे लोक तीनच धरून बसतात आणि इथे चुकतात.)

आधी नोटीस पाठवा, स्पीड पोस्टाने, आणि त्याचीच प्रत व्हॉट्सॲपवर. भाषेत अलंकार नकोत. भावाचा मेसेज तारखेसह, दिलेल्या रकमा, आईला दिलेलं वचन त्याच्याच शब्दांत, आज काय बिघडलंय आणि १५ दिवसांत काय करून हवंय. ‘फसवणूक’, ‘पोलीस’ हे शब्द टाळा. काम वाईट झालं म्हणजे सुरुवातीपासून फसवायचा हेतू होता असं होत नाही, आणि त्या शब्दांनी तडजोडीचं दार मात्र बंद होतं.

नोटिशीआधी वस्तूंचा पुरावा जमवा. ट्रॉलीला चुंबक लावून ‘चिकटला नाही, म्हणजे ३०४’ हा बाजारातला निकाल ऐकू नका. २०२ नावाचं स्वस्त स्टीलही चुंबकाला फारसं धरत नाही. फरक आतल्या धातूंत आहे: ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, तर २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगेनीज जास्त, म्हणून ओल्या जागी ते लवकर गंजतं. स्टीलवाल्यांकडे तपासणीचे थेंब मिळतात, त्यावरून अंदाज येतो. वाद पेटला तर प्रयोगशाळेचा अहवाल घ्या, आयोगही नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. प्लायचं सोपं आहे. ‘मरीन’ हा शब्द दुकानात सैल वापरतात. खरा मरीन प्लाय आयएस ७१० या मानकाचा, साधा आयएस ३०३ चा. शीटवर आयएसआयचा शिक्का आणि मानकाचा आकडा छापलेला असतो. सिंकखालच्या कपाटाची मागची बाजू आणि न रंगवलेल्या आतल्या फळ्या टॉर्च लावून बघा, कापलेल्या तुकड्यावर आकडा सापडला तर त्याचा फोटो ही तुमची सगळ्यात बोलकी पावती. फोटो काढताना शेजारी त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवलंत तरी चालेल. दुसऱ्या दोन सुतारांकडून दुरुस्तीची लेखी कोटेशनं घ्या, नुकसानीचा आकडा त्यांवरून ठरतो. आणि रागारागाने सगळं उखडून टाकू नका: करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी तुम्ही काय केलं हेही पाहिलं जातं. सिंकची गळती असेल तर ती मात्र लगेच बंद करून घ्या, नाहीतर ‘प्लाय तुमच्या नळाने फुगवला’ हे उत्तर तयार आहे.

टिंबर मार्केटच्या दुकानदाराकडे जाऊ नका. त्याचा करार फर्निचरवाल्याशी. ‘करार तुमच्याशी नाही’ हे तत्त्व तुमच्यावर उगारणारा माणूस स्वतःची जबाबदारी मात्र अशा माणसावर ढकलतोय, ज्याच्याशी तुमचा करार खरोखरच नाही. मरीन प्लाय द्यायचं वचन त्याने दिलं, माल कुठून आणायचा हा त्याचा प्रश्न. प्लायच्या कंपनीचं वॉरंटी कार्ड असेल तर ते मागून ठेवा, इतकंच.

भावाने आपला हक्क आईच्या नावे करून द्यावा, असा सल्ला कुणी देईल. उशीर झालाय. येणं रक्कम सहीच्या कागदाने दुसऱ्याला देता येते, पण करार मोडल्यानंतर उरलेला नुसता नुकसानीचा दावा करण्याचा हक्क हस्तांतरित करता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ६ त्याला आडवं येतं. त्यापेक्षा भावाने तुमच्या नावे या एका प्रकरणापुरतं मुखत्यारपत्र करावं, म्हणजे सह्या आणि तारखा तुम्ही सांभाळाल आणि हक्क त्याचाच राहील.

त्रयस्थाला दावा करू देणारे अपवाद आहेत, पण ते तुमच्या कामाचे नाहीत: कुणाच्या लाभासाठी विश्वस्त म्हणून पैसे वा मालमत्ता ठेवली असेल तर, लग्नातली तजवीज असेल तर, कुटुंबातली वाटणी किंवा समझोता असेल तर. ख्वाजा मुहम्मद खान विरुद्ध हुसैनी बेगम या खटल्यात १८७७ साली दोन व्याह्यांनी आपसांत ठरवलं की सुनेला महिना ५०० रुपये द्यायचे. सून पक्षकार नव्हती, सहीही तिची नव्हती. तरी १९१० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, सासऱ्याकडून ते पैसे तिला देववले. वाड्याच्या वाटणीत ‘आत्याला दरमहा इतके द्यायचे’ असं भावाभावांनी लिहिलं असेल तर आत्याचं काम याच वाटेने होतं. ट्रॉल्यांचं नाही.

पुढच्या खेपेला एवढं करा: कोटेशनवर ग्राहक म्हणून आईचं नाव घाला आणि ‘पैसे मुलगा देणार’ असं खाली लिहा. मोबदला कुणीही दिला तरी चालतो, तर नाव ज्याच्या घरात काम आहे त्याचंच असू दे. ‘आईलाही हक्क राहील’ अशी ओळ घालून स्वस्थ बसू नका, सही तिची हवी.

राहिला सुतार. त्याचा करार फर्निचरवाल्याशी आहे, आणि करार जसा त्रयस्थाला हक्क देत नाही तसं ओझंही लादत नाही. ‘घर तुमचं’ हे कारण पुरत नाही, कारण त्याने काम आईसाठी नव्हे, कंत्राटदारासाठी केलं. ‘देऊ काहीतरी’ या आईच्या बोलण्यातही करार होत नाही. किती, कधी, कशाबद्दल, काहीच ठरलेलं नाही आणि करार कायद्याच्या कलम २९ प्रमाणे असं संदिग्ध बोलणं निरर्थक. झालेल्या कामाबद्दल नंतर फुकट दिलेली हमीही कलम १२७ च्या दाखल्याप्रमाणे व्यर्थ असते. पण आईला इतकं सांगाच: सुतार जर म्हणाला, ‘तुम्ही २८ हजारांची हमी घ्या, मी उरलेले ड्रॉवर बसवून देतो’, आणि आई हो म्हणाली, तर चित्र बदलतं. आपल्याकडे हमी तोंडीही चालते, आणि आता तिला मोबदला मिळालेला असेल.

माणूस कष्टकरी आहे आणि त्याचे पैसे बुडू नयेत असं तुम्हाला वाटत असेल, तर उरलेल्या ४० हजारांतून परस्पर देऊ नका. ते पैसे फर्निचरवाल्याचे. सुताराला दिले म्हणून त्याचं देणं फिटत नाही आणि तो पुन्हा मागू शकतो. तिघांच्या सहीची चिठ्ठी करा: ‘माझ्या येणे रकमेतून २८,००० रुपये सुताराला थेट द्यावेत, तेवढी रक्कम मला पोचली असं मी समजेन, याने बदलून द्यायच्या ट्रॉल्या व कपाटाबद्दलचा तक्रारीचा हक्क कमी होत नाही.’ तारीख, भावाची, फर्निचरवाल्याची आणि सुताराची सही, आणि पैसे चेकने किंवा यूपीआयने. फर्निचरवाला सही द्यायला तयार नसेल तर सुताराला नम्रपणे त्याच्याच दाराशी पाठवा.